मनी उगीच बोचकारत नाही!

“मेली विश्वासघातकी जात! आत्ता मांडीवर घुरघुरत होती, अन् लगेच बोचकारलं!”

धाकट्याच्या हातावर ओरखडा उठला आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, मनीला पोत्यात घालून मंडईत सोडून या. मी म्हटलं, जरा थांबा. मनीनं आधी बजावलं होतं, आपलंच लक्ष नव्हतं.

तिची शेपटीच बघा ना! कुत्रा शेपूट हलवतो तो बहुधा आनंदानं. मनीची शेपटी फटाफट आपटू लागली की समजावं, बाईसाहेबांना आता पुरे झालं. पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, मग डोक्याला चपटे चिकटतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. एवढ्यावरही मुलं कुरवाळतच राहिली तर पंजा येणारच की! आणि पोट वर करून लोळली म्हणजे पोटाला हात लावा, असंही नाही हं.

शेपटी काठीसारखी उभी धरून दारात सामोरी आली, तर स्वारी खुशीत आहे. अशा वेळी तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटावेत, उघडावेत. मांजरंही तसंच उत्तर देतात, असं इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २०२० साली आढळलं. सासूबाई हसल्या, पण गुपचूप करून पाहिलंच त्यांनी!

ओरखडा उठलाच, तर हळद-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस हवी का, ते तेच सांगतील.