होडीची बॅटरी आणि वडगावचा कारागीर

पेठ वडगावला समुद्र नाही. तरीही होडीच्या बॅटरीचा विषय या पानावर घेतला आहे, त्याचे कारण सरळ धंद्याचे आहे. वडगाव-हातकणंगले पट्ट्यातील बॅटरी कारागिरांचे काम ऊस गळिताच्या हंगामावर चालते. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर फिरू लागले की मार्च-एप्रिलपर्यंत दुकानात उसंत नसते. पाऊस लागला की हात रिकामे. नेमक्या याच वेळी आंबा घाटाखाली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होड्या उभ्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना पावसाळी मासेमारीबंदी असते. २०२४ साली ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. मिरकरवाडा, राजिवडा, जयगड, साखरी नाटे येथे आपल्या बांधवांचा हाच व्यवसाय आहे, आणि त्यांच्या बॅटऱ्या खराब होतात त्या बहुधा बंदीच्या या दिवसांतच.

कारण कारागिरांना ठाऊक आहे. वापर नसला तरी शिशाच्या बॅटरीतील चार्ज आपोआप उतरत जातो, उकाड्यात जास्तच. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटवर पांढरे सल्फेट धरते आणि कडक होते. मग ऑगस्टमध्ये कितीही चार्ज द्या, ती जेमतेम तासभर साथ देते. बंदर सोडून दूर गेल्यावर इंजिन उचलले नाही, वायरलेस बोलला नाही, दिवे गेले, तर खलाशांनी करायचे काय? ट्रक रस्त्यात बंद पडला तर धक्का मारता येतो. होडीला धक्का मारणार कोण?

म्हणून बंदी लागताच बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज द्यावा. तासभर टेकू दिल्यावर १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या वर दाखवत असेल तर ठीक. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. पण नुसत्या मीटरवर विसंबू नये, सहाही सेलचे गुरुत्व हायड्रोमीटरने पाहावे. गाडीच्या बॅटरीत भरलेल्या सेलचे गुरुत्व १.२८० च्या आसपास असते. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत कंपन्या ते कमी, १.२४० च्या सुमारास ठेवतात. हा फरक न ओळखता चांगल्या ट्युब्युलरमध्ये ॲसिड ओतून ‘गुरुत्व चढवणारे’ कारागीर आहेत. त्यांनी गिऱ्हाइकाचे आणि स्वतःच्या नावाचेही नुकसान केले. उडालेले असते ते पाणी. भरायचेही पाणीच, आणि तेही डिस्टिल्ड.

आता चार्जर. वडगावात बहुतेक दुकानांत ट्रान्सफॉर्मरचे जुने चार्जर असतात. कारागीर समोर उभा असेल तर ते उत्तम काम देतात. पण होडीवाल्याच्या पडवीत तो रात्रभर लावून ठेवला तर बॅटरी भरल्यावरही करंट ढकलतच राहतो, पाणी उकळते, प्लेटा झडतात. त्याला विकायचा तो टप्प्याटप्प्याने चालणारा. आधी पूर्ण करंट, मग सुमारे १४.४ व्होल्टवर स्थिर राहून करंट कमी करत नेणारा, शेवटी १३.५ ते १३.८ वर सांभाळणारा. बंद, गरम खोलीत हे आकडे थोडे उतरवावे लागतात. ४० अंशांवर साधारण ०.३ व्होल्टने.

आकाराचा हिशेब सोपा आहे. समजा दिवे, वायरलेस, जीपीएस आणि मासे शोधण्याचे यंत्र मिळून ८ ॲम्पिअर घेतात आणि रात्र १० तासांची. लागले ८० ॲम्पिअर-तास. बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, म्हणजे १६० च्या आसपासची हवी. चार्जर तिच्या दहाव्या हिश्श्याचा, १५ ते १६ ॲम्पिअरचा. भागाकाराने पाच तास निघतात, पण शेवटचा भाग सावकाश भरतो. आठ-नऊ तास धरा आणि गिऱ्हाइकालाही तसेच सांगा.

आणखी एक दोष. अनेक होड्यांवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि १२ व्होल्टचा वायरलेस किंवा टेप त्यातल्या एकाच बॅटरीवर लावलेला असतो. ती रोज जास्त उतरते. अल्टरनेटर मात्र दोघींना एकच करंट देतो. त्यामुळे एक कायम उपाशी, तर दुसरी जास्त चार्ज होऊन उकळणारी. मालक दर वर्षी एक नवी बॅटरी घेतो, जुनीशेजारी बसवतो आणि कंपनीला शिव्या देतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला की हा रोग जातो. जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या, एकाच मापाच्या घ्याव्यात. इंजिन उचलण्याची बॅटरी वेगळी ठेवावी, दिव्यांना तिला हात लावू देऊ नये. तिथे गाडीची बॅटरी चालते. रात्रभर दिवे पुरवायला ती विकणे मात्र फसवणूकच म्हणावी लागेल, कारण पातळ प्लेटांच्या त्या बॅटरीला खोल उतरणे सोसत नाही.

खाऱ्या हवेत टर्मिनलला पेट्रोलियम जेली आणि कलई केलेली तांब्याची तार हवीच. बॅटरी घट्ट बांधून, बिल्जच्या पाण्याच्या वर ठेवावी. समुद्राचे पाणी तिच्यात शिरले तर क्लोरीन वायू सुटतो. महायुद्धांतील पाणबुड्यांचे खलाशी याच वायूला घाबरत. चार्ज देताना हायड्रोजनही निघतो, म्हणून दार उघडे, विडी बंद आणि चिमटे काढण्याआधी चार्जरचे बटण बंद.

लिथियमची चौकशी आता होडीवालेही करतात. ती वजनाला हलकी आहे आणि खोल उतरणे सोसते. पण तिला तिचाच चार्जर लागतो. शिवाय तिच्यातील संरक्षक सर्किटने चालू इंजिनावर अचानक तोडले तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. वायरिंग बदलायची तयारी नसेल तर सध्या शिसेच बरे.

हे काम घ्यायचे तर बॅटऱ्या घाटावर आणण्याच्या फंदात पडू नये. १५० ॲम्पिअरची ट्युब्युलर पन्नास किलोंच्या वर भरते, आणि पावसात आंबा घाटात टेम्पो कलंडला तर ॲसिड अंगावर. दोन कारागिरांनी चार्जर, हायड्रोमीटर, मीटर घेऊन तिकडेच जावे, होडीमागे वर्षाचा दर ठरवावा आणि प्रत्येक बॅटरीच्या सहा सेलचे आकडे तारखेसह वहीत लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी. बाद बॅटऱ्या मोडून शिसे घरी वितळवू नये. त्या धुराने घरातील लेकरांच्या अंगात शिसे जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो माल नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच गेला पाहिजे, आणि मोडीचा भाव नव्या बॅटरीच्या बिलात वेगळा दाखवावा.