फेणीची पारख

फाल्गुन सरत आला की गोमंतकाच्या डोंगरउतारांवर एक ओळखीचा वास पसरू लागतो. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण या भागांतून तिन्हीसांजेला प्रवास करणारास तो वेगळा सांगावा लागत नाही. पिकून जमिनीवर गळलेल्या बोंडूंचा आंबूस-गोड दर्प आणि त्यात मिसळलेला भट्टीच्या लाकडांचा धूर! या वासाने कोणी नाक मुरडतो, तर कोणाच्या जिभेला पाणी सुटते. तथापि तो आपल्या भूमीचा वास आहे, हे दोघांनाही नाकारता येणार नाही. हंगाम ऐन भरात असतो त्या दिवसांत फेणीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. त्यास निमित्तही तसेच घडले आहे.

गेल्या काही वर्षांत गोव्यात मद्यनिर्मितीचे एक नवे पर्व सुरू झाले. येथे तयार होणारी 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट व्हिस्की 2012 साली प्रथम इंग्लंडच्या बाजारात उतरली. 2017 मध्ये 'ग्रेटर दॅन' आणि 2018 मध्ये 'स्ट्रेंजर अँड सन्स' या जिन येथूनच निघाल्या आणि पाहता पाहता मोठ्या शहरांतील रसिकांच्या पसंतीस उतरल्या. थोड्या प्रमाणात, लक्षपूर्वक, स्थानिक चवीचे भान ठेवून केलेले मद्य शोधून काढावे, ते कोणी व कोठे केले याची चौकशी करावी, अशी एक अभिरुची आज रूढ होत आहे. या नव्या उद्योगांचे यश आम्हांस खुपत नाही. परंतु जिनसाठी लागणारे ज्युनिपर गोव्यात पिकत नाही आणि व्हिस्कीचे सातूही उत्तरेकडून येतात. ज्या पेयाचे फळ येथले, आंबवण येथले, आणि ते उतरविणारे हातही येथलेच, ते पेय मात्र याच रसिकांच्या मेजावर अजून संकोचाने येते. ही विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत आणि त्या घरांतील स्त्रियांपुढे फेणीचा गौरव गाण्याचे धाडस कोणी करू नये. जो पीत नाही त्याने तो नियम आमच्या लेखामुळे मोडावा, असे आम्ही चुकूनही सुचविणार नाही. पण आपल्या हिंदू समाजात फेणीविषयी जो एक सोवळा दुटप्पीपणा आहे, त्याचा विचार व्हावयास हवा. सर्दी-पडशाला छातीस चोळावयास फेणीची बाटली कपाटात असते. कित्येक गावांत देवचाराला, राखणदाराला रोट आणि सोरो अर्पण केल्याखेरीज वर्षाचे देणे फिटत नाही. बागायतदारांच्या कित्येक घरांचा संसार काजूच्या पिकावर चालतो. तरीही फेणी करणे हा हलका धंदा आणि विलायती बाटली हे प्रतिष्ठेचे लक्षण, अशी आपली समजूत. जी वस्तू देवाला चालते ती करणाऱ्या माणसाला आपण ओटीवर बसावयास सांगत नाही, याला काय म्हणावे?

वस्तुतः काजू हे झाड मूळचे आपले नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते ब्राझीलहून आणले आणि 'काजू' हा शब्दही त्यांच्याबरोबरच आला. परंतु परक्या फळापासून येथल्या माणसांनी जे घडविले ते अस्सल येथले झाले. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. चांगल्या फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. तो पूर्ण पिकून आपोआप गळावा लागतो. सकाळी बायामाणसे ते वेचतात, बिया पिळून वेगळ्या काढतात आणि बोंडू कोळमीत, म्हणजे दगडी कुंडात, पायांनी तुडवितात. अलीकडे पुष्कळ ठिकाणी या कामास यंत्र आले आहे. तुडविलेल्या लगद्यावर जड दगडांचा भार ठेवला की थेंब थेंब गळतो तो निरो. हा निरो ताजा असताना घेतला तर त्यात मद्याचा लेशही नसतो आणि उन्हात दमून आलेल्या माणसाला त्यासारखे दुसरे पेय नाही. बाकीचा रस सुमारे तीन दिवस आपोआप आंबतो. त्यात बाहेरचे किण्व घालावे लागत नाही. मग तो तांब्याच्या भाणात चढतो, खाली लाकडांचा जाळ लागतो आणि वाफ थंड होऊन जी पहिली धार पडते ती हुर्राक. हुर्राकात मद्यार्क साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. हीच हुर्राक पुन्हा भाणात घालून दुसऱ्यांदा उतरविली की सुमारे बेचाळीस टक्के मद्यार्काची फेणी तयार होते. उत्तम धार ओतताना तिच्यावर मण्यांसारखे फेस येतात, आणि 'फेन' या शब्दावरूनच तिला फेणी हे नाव पडले असे सांगतात.

या सगळ्या कामात कोठेही मोजपट्टीवर सर्वस्वी भिस्त नसते. आंबवण तयार झाली की नाही हे भट्टीवाला तिच्या आवाजावरून आणि वासावरून ओळखतो. जाळ किंचित मोठा झाला तर रस करपतो आणि तो करपट वास पुढे कशानेही जात नाही. म्हणून रात्र रात्र जागून लाकूड ओढावे आणि सारावे लागते. दोन शेजाऱ्यांच्या भट्ट्यांची फेणी एकसारखी नसते, आणि एकाच भट्टीची दोन वर्षांची फेणीही सारखी नसते. मोहोराच्या दिवसांत अभ्रे आली, अवेळी पाऊस झाला, तर ते पुढे चवीत उतरते. फ्रान्समधील कोन्याक तांब्याच्या भांड्यात दोनदाच उतरवितात, आणि तेथला गाव, तेथली माती व साल यांची चर्चा जगभर भक्तिभावाने होते. आपल्या भट्टीची चर्चा होते ती बहुधा पोलीस ठाण्यात!

तेव्हा पिणाऱ्या वाचकांस आमचे सांगणे एवढेच की, फेणी घ्यावयाचीच असेल तर ती ओळखून घ्यावी. हुर्राक ही हंगामाची पाहुणी आहे. ती साठवून टिकत नाही. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ती चैत्र-वैशाखातच घेण्याची चीज आहे, आणि सौम्य लागते म्हणून तिच्याशी सलगी करणारा दुपारीच आडवा होतो. फेणीचे तसे नाही. काचेच्या मोठ्या गाराफांवात काही काळ राहिली की तिचा उग्रपणा निवतो. ती लहान पेल्यात घ्यावी आणि घाई न करता आधी तिचा वास घ्यावा. चार थेंब तळहातावर चोळून पाहावेत. पिकलेल्या बोंडूचा वास मागे राहिला तर माल खरा. नुसता स्पिरिटचा झणका येऊन उडून गेला तर त्यात काय मिसळले आहे हे सांगावयास ज्योतिषी नको. अनंतमुळाची मुळी घातलेली दुकशिरी फेणी हा याच घराण्यातला आणखी एक प्रकार, आणि जुन्या जाणत्यांची तिच्यावर विशेष मर्जी असते. हे सारे जेथे कळते ते ठिकाण म्हणजे भट्टी. हंगामात एकदा तेथे जाऊन दोन तास बसलेल्या माणसाला बाटलीवरील चिठ्ठीने सहसा फसविता येत नाही.

माडाच्या फेणीची कथा याहून करुण आहे. ती काजूच्या फेणीहून जुनी. पण तिच्यासाठी रोज माडावर चढून सूर काढणारा रेंदेर हवा, आणि ते कष्ट व तो धोका पत्करावयास आता त्याची मुले तयार नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा? सूर गेला की फेणीबरोबर माडाचा गूळ आणि सणांना लागणारी आंबवणही जाते. कल्पवृक्षाची पूजा करणाऱ्या समाजाने त्यावर चढणाऱ्याची विचारपूस केली नाही, त्याचे हे फळ होय.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2009 साली काजू फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले. देशातील मद्यांत हा मान मिळविणारी ती अग्रणी ठरली. देशी दारू या सदरात कोंडल्यामुळे राज्याबाहेर जाण्याची तिची वाट दीर्घकाळ अडली होती. 2016 साली अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता देण्यात आली आणि 2021 मध्ये फेणीविषयक धोरणही जाहीर झाले. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, हातांचे करीत नाही. टकीलाचे नाव मेक्सिकोने 1974 साली संरक्षित केले आणि आज ती जगभर जाते. पण त्या भरभराटीतला लाभ मोठ्या कारखान्यांकडे किती गेला आणि कोरफडीसारख्या त्या अगेव्हच्या शेतात राबणाऱ्याच्या वाट्यास किती आला, हा प्रश्न तेथेही विचारला जातोच. तो आपण वेळेवर विचारावा. फेणीचे नाव मोठे झाले आणि भट्ट्या मात्र विझल्या, तर वारसा म्हणून आपण नेमके काय जपले, याचे उत्तर पुढील पिढीला द्यावे लागेल.

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. फेणीच्या बाटलीवर गाव, हंगामाचे साल आणि उतरविणाऱ्याचे नाव असावे. ज्याचे नाव बाटलीवर आहे तो भेसळ करावयास कचरतो, आणि चांगले काम केल्यास त्याचा लौकिकही होतो. भेसळीवरील कारवाईचा रोख कागदपत्रांत चुकलेल्या लहान भट्टीवाल्याकडे नसून स्पिरिटमध्ये वास मिसळून विकणाऱ्याकडे असावा. लहान उत्पादकांना एकत्र येऊन तपासणी व बाटलीभरणीची सोय करता यावी. सिंधुदुर्गात बी काढून घेतल्यावर बोंडूंचे ढीग बागेतच कुजतात. सीमेच्या अलीकडे ज्याला मोल आहे ते पलीकडे खत होते, याचाही विचार दोन्ही राज्यांनी करावा. आणि ग्राहकाने, सहा महिने खपून तयार केलेल्या वस्तूची किंमत स्वस्त दारूच्या भावाशी ताडून पाहू नये.

उत्तम फेणी थोडीच निघते, महाग पडते आणि थोडीच प्यावी लागते. संयमाचा उपदेश करणाऱ्यांना याहून सोयीचे पेय सापडणे कठीण! अधिक पिणाऱ्याला स्वस्त माल हवा असतो. पारख असलेला माणूस दोन घोटांवर थांबतो आणि ती कोणत्या गावची हे विचारतो. असे विचारणारे दहा जण प्रत्येक गावात निघाले, तर पुढच्या फाल्गुनातही डोंगरउतारावर तो धूर दिसेल.