शांतिसेना अनेकांची, आज्ञा कोणाची?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीतील माणेकशॉ सेंटरमध्ये ३२ देशांचे लष्करप्रमुख आणि वरिष्ठ सेनाधिकारी एकत्र आले होते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांना सैन्य पुरवणाऱ्या देशांची ही परिषद भारतीय लष्कराने भरवली होती. हे यजमानपद भारताला शोभणारेच होते. कोरियापासून सुरू झालेल्या परंपरेत भारताने पन्नासहून अधिक मोहिमांत सुमारे २ लाख ९० हजार सैनिक पाठवले आणि सुमारे १८० जवान गमावले. या त्यागाचा गौरव होतो, तो व्हायलाच हवा. मात्र त्या गौरवात एक अवघड प्रश्न मागे पडतो. निरनिराळ्या देशांच्या फौजा एकाच निळ्या शिरस्त्राणाखाली उभ्या राहिल्या, म्हणून त्यांचा हेतूही एक होतो काय?

सिएरा लिओनने या प्रश्नाचे कठोर उत्तर दिले. मे २००० मध्ये तेथील बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहुन येथे गुरखा पलटणीचे दोनशेहून अधिक भारतीय जवान सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकले. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने हा वेढा फोडला. पराक्रम निर्विवाद होता. तथापि मोहिमेतील बेबनाव त्याने मिटला नाही. मोहिमेचे भारतीय सेनापती मेजर जनरल विजय जेटली यांनी आपल्या टिपणात नायजेरियाच्या काही उच्चपदस्थांवर हिऱ्यांच्या व्यापाराशी लागेबांधे असल्याचे आरोप केले. ते टिपण फुटले, नायजेरियाने आरोप साफ फेटाळले आणि सप्टेंबरमध्ये भारताने आपली तुकडी परत बोलावण्याचा निर्णय जाहीर केला.

पुढे त्याच देशात शांतता आली, हेही विसरता कामा नये. ब्रिटनने सैन्य उतरवले, शांतिसेनेचे मंजूर बळ १७,५०० वर गेले, हिऱ्यांच्या अवैध निर्यातीवर निर्बंध आले आणि २००२ च्या आरंभापर्यंत सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीला पैशाची नाकेबंदी आणि राजकीय तडजोड यांची जोड मिळाली, तेव्हाच मोहीम यशस्वी झाली.

हा अनुभव ताजा असतानाच दिल्लीपुढे इराकचा प्रस्ताव आला. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला भारताकडून एक संपूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार सैनिक हवे होते. वॉशिंग्टनशी जवळीक वाढेल, पुनर्बांधणीत वाटा मिळेल, असे सांगणारी वजनदार मते राजधानीत होती. तथापि १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट ठराव असल्यास विचार करू, एवढीच वाट मोकळी ठेवली. तोवर बगदादमधील अमेरिकी प्रशासनाने इराकी सैन्य बरखास्त करून हजारो सशस्त्र माणसांना बेकार केले होते. जे निर्णय आपण घेतले नाहीत, त्यांचे परिणाम भारतीय जवानांनी रस्त्यावर झेलले असते.

सैन्य न पाठवता केलेली पुनर्बांधणीही निर्धोक नसते. अफगाणिस्तानात भारताने झरंज-देलाराम महामार्ग बांधला, सलमा धरण पूर्ण केले, काबूलमध्ये संसद भवन उभारले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. इमारत उभी आहे. तिच्यात बसणारी निवडून आलेली संसद मात्र नाही. रस्ता, धरण, भवन बाहेरून देता येते; सत्तेला लागणारी जनमान्यता बाहेरून देता येत नाही.

म्हणूनच दिल्लीने किती सैनिक दिले, यापेक्षा त्यांना कोणते काम सांगितले जाते आणि ते कोण ठरवते, हे अधिक महत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ४४ वे कलम सैन्य देणाऱ्या देशाला त्या सैन्याच्या वापराविषयीच्या निर्णयात सहभागाची वाट दाखवते, आणि भारत त्याचा वारंवार दाखला देत आला आहे. पण ज्या ४३ व्या कलमाखालील करारांवर ते आधारलेले आहे, ते करार कधी झालेच नाहीत. परिणामी हुकूम लिहिणारे एका बाजूला आणि तो अमलात आणताना मरणारे दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी टिकून आहे. निर्णयाच्या मेजावर जागा मिळत नसेल, तर पुढच्या मागणीला नकार देण्याचे धैर्य दिल्लीने जपले पाहिजे. २००३ मध्ये ते दाखवल्याचा पश्चात्ताप आपल्याला करावा लागलेला नाही.