पाणिनीच्या नावाची परीक्षा

काशीतील जैतपुरा मोहल्ल्यात नागकुवा नावाची प्राचीन विहीर आहे. महाभाष्यकार पतंजली हे शेषाचे अवतार, आणि त्यांचे वास्तव्य येथे होते, अशी श्रद्धा असल्यामुळे नागपंचमीला तेथे वैयाकरणांचा शास्त्रार्थ भरतो, आणि गुरुजनांच्या देखत शिष्यही सूत्रांची उकल करण्यास सरसावतात. ज्या नगरीत नागोजीभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताने अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ सिद्ध केला, तिला व्याकरणाचे आखाडे नवे नाहीत.

शाळकरी मुलांसाठी असाच भाषाविज्ञानाचा आखाडा १९६५ साली मॉस्कोत निघाला. आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झाले, २००९ पासून भारत त्यात उतरू लागला आणि २०१६ साली तर ते म्हैसूरलाच भरले. आपल्याकडील निवडचाचणीला नाव आहे पाणिनीचे, आणि ते सार्थच म्हणावे लागेल. कारण तेथे पाठांतराची मातब्बरी चालत नाही, अनोळखी भाषेतले मोजके नमुने हाती देतात आणि त्यांतला नियम उमेदवाराने स्वतः हुडकायचा असतो.

मराठीचा गंधही नसलेल्या मुलापुढे, समजा, ‘घोडा–घोड्याला, पंखा–पंख्याला, राजा–राजाला, मामा–मामाला’ अशा जोड्या अर्थासह मांडल्या, तर माणसांची नावे बदलत नाहीत, असा कयास तो तत्काळ बांधील. आणि त्याचा आनंद मावळण्याआधीच पाचवी जोडी येईल: ‘भाचा–भाच्याला’. मामा तसाच राहतो आणि भाचा मात्र बदलतो, हा मामला जन्मभर मराठी बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना कधी खटकला असेल?