तेरडा पेरताना

तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा. ते तटकन फुटतं, साल आत वळते आणि तपकिरी बिया अंगणभर उडतात. पेरणीचं काम हे झाड स्वतःच उरकतं. म्हणून पहिल्यांदाच बी लावणाऱ्याने तेरडाच घ्यावा, असं मला वाटतं.

पहिला पाऊस झाला की माती मोकळी करून थोडं शेणखत मिसळावं. बी जेमतेम झाकेल एवढाच मातीचा थर द्यावा. आठवड्याभरात कोंब दिसतात. दाटीने आलेली रोपं विरळ करायला जीव होत नाही, पण वीतभर अंतर हवंच. नाहीतर ती नुसतीच उंच वाढतात. खोड पाणीदार, त्यामुळे पाणी साचलं की बुडाशी कुजतं.

दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे जूनचा तेरडा गौरींना हाताशी. कोकणात कित्येक घरी तेरड्याची रोपंच गौर म्हणून आणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे फुलापुरतं ठीक. झाड मात्र कितीतरी दिवस फुलत राहतं.

बोंड फुगून पिवळसर झालं की मुठीत धरूनच तोडावं. बी वाळवून कागदी पुडीत ठेवावं. मी एकदा ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, सगळ्याला बुरशी लागली.