प्राणिचित्राचे परीक्षण

भिलाईच्या पोलाद कारखान्याची मैत्रीबाग 1972 साली भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून स्थापन झाली. आज तिची ख्याती आहे ती विशेषतः तेथील पांढऱ्या वाघांमुळे. कुंपणापाशी उभे राहून वाघाकडे टक लावून पाहणाऱ्या मुलांपैकी एखादे घरी परतल्यावर त्याचे चित्र काढू लागते. पूर्वी असे चित्र कागदावर पेन्सिलीने उमटे. आता ते पुष्कळदा टॅब्लेटच्या काचेवर, डिजिटल लेखणीने उमटते. साधन बदलले, तरी त्यानंतरचा प्रसंग बदललेला नाही. चित्र पुरे होते, ते कोणापुढे तरी धरले जाते आणि उत्तराची वाट पाहिली जाते. ‘छान आहे’ या उत्तराने मुलाला आनंद होतो, ‘जमले नाही’ या उत्तराने ते खट्टू होते. परंतु पुढच्या वेळी काय वेगळे करावे, हे या दोहोंपैकी एकही उत्तर सांगत नाही. जो अभिप्राय ते सांगतो, त्यालाच विधायक म्हणता येईल.

असा अभिप्राय वेळीच न मिळाल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण एका भारतीय गेंड्याचे आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला हा गेंडा 1515 च्या आरंभी गोव्याहून जहाजाने निघाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. न्युरेंबर्ग येथील थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. दुसऱ्याने केलेले वर्णन व रेखाटन यांच्या आधारे त्याने लाकडी ठशाचे एक चित्र तयार केले. त्यात गेंड्याच्या अंगावर जणू चिलखताचे पत्रे बसविलेले आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्यांच्या वर, मानेच्या मुळाशी, एक लहानसे जादा शिंग आहे. हे चित्र युरोपात दोन शतकांहून अधिक काळ गेंड्याचे खरे रूप म्हणून चालत राहिले. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरताना ते जादा शिंगही बरोबर गेले. आज चित्राची नक्कल करण्यास ठसा लागत नाही, बोटाचा एक स्पर्श पुरतो. म्हणूनच चूक वेळीच दाखविणाऱ्या माणसाचे महत्त्व वाढलेले आहे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ड्यूररचे चित्र प्राणिशास्त्राच्या दृष्टीने सदोष असूनही कलाकृती म्हणून असामान्य आहे. अचूकता आणि प्रभाव ही दोन निराळी मापे होत. तेव्हा चित्र पाहणाऱ्याने प्रथम हे विचारावे, की चित्र कशासाठी काढले आहे? पाठ्यपुस्तकातील वाघाला जे नियम लागू पडतात, ते बालकथेतील पगडी घातलेल्या वाघाला लागू पडत नाहीत. हेतू न विचारता दिलेला अभिप्राय बहुधा परीक्षकाच्या आवडीनिवडीचे वर्णन ठरतो.

यानंतर सबंध चित्र लहान करून किंवा दूर ठेवून पाहावे. पडद्यावर चित्र हवे तितके मोठे करता येते, त्यामुळे नवशिका मिशीच्या एकेका केसावर तासन्‌तास घालवितो आणि धड पायांवर नीट उभे आहे की नाही, हे पाहायचे राहून जाते. परीक्षकाने हा क्रम उलटा करावा: आधी बांधा, मग छायाप्रकाश आणि शेवटी लोम. वाघ बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायात जो सांधा उलट वाकलेल्या गुडघ्यासारखा दिसतो, ती वस्तुतः टाच असते. खरा गुडघा पोटाच्या जवळ, वर असतो. घरची मांजर नजरेसमोर ठेवून वाघ काढणारा त्याच्या डोळ्यात उभी चीर काढतो; वाघाची बाहुली मात्र गोल असते. पांढऱ्या वाघाचा पांढरा रंगही कोरा नसतो. त्यात पिवळसर झाक असते आणि सावलीत भोवतालच्या गवताचा व मातीचा रंग मिसळतो. सर्वत्र शुभ्र रंग भरला, तर प्रकाश दाखविण्यास जागाच उरत नाही.

डिजिटल साधनाचा एक दोष परीक्षकाने मुद्दाम शोधावा. चेहऱ्याची एक बाजू रेखाटून ती आरशाप्रमाणे दुसऱ्या बाजूस उलटविण्याची सोय त्यात असते. श्रम वाचतात, परंतु वाघ खोटा होतो. वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात, आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टेही जुळत नाहीत. व्याघ्रगणनेत कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांतून एकेक वाघ ओळखला जातो, तो याच आधारावर.

परीक्षकाच्या हातूनही चूक होऊ शकते. चित्रातील पांढऱ्या वाघाचे डोळे तिरळे दिसले, तर तो सहज म्हणेल, ‘डोळे चुकले.’ परंतु रंगद्रव्याच्या ज्या दोषामुळे हा वाघ पांढरा होतो, त्याच्याशी डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मांडणीतील दोषही निगडित आहे. त्यामुळे असे अनेक वाघ खरोखरच तिरळे असतात. मुलाने पाहिले तेच काढले असेल, तर येथे दुरुस्ती परीक्षकाच्या मताची व्हावयास हवी. म्हणून ज्याविषयी खात्री नाही, ते विधान म्हणून न मांडता प्रश्न म्हणून मांडावे.

आता राहिला तो सांगण्याच्या रीतीचा प्रश्न. ‘पाय बिघडला आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मागच्या डाव्या पायाची टाच जमिनीला टेकली आहे, त्यामुळे वाघ माणसासारखा उभा वाटतो’ असे म्हणावे. पहिल्या वाक्यात निकाल आहे, दुसऱ्यात जागा, कारण आणि परिणाम आहेत. एका बैठकीत दोन किंवा तीन मुद्दे पुरेत. वीस दोष एकदम ऐकणारा त्यांतील एकही दुरुस्त करीत नाही. जे साधले आहे तेही नेमके सांगावे, अन्यथा दुरुस्तीच्या भरात तेच पुसले जाण्याचा धोका असतो. डिजिटल चित्र पारदर्शक काचा एकावर एक ठेवाव्यात, तसे अनेक थरांत तयार होते. परीक्षकाने आपल्या खुणा स्वतंत्र थरावर कराव्यात. मूळ रेषेवर हात चालवू नये. तो थर लपविता येतो, काढूनही टाकता येतो. सूचना स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार अशा रीतीने चित्रकाराकडेच राहतो.

अखेरीस चित्रकाराला पुन्हा प्राण्याकडे पाठविणे, हे परीक्षकाचे मुख्य काम होय. ड्यूररसमोर गेंडा नव्हता. भिलाईतील मुलासमोर वाघ आहे. परीक्षकाने टाच दाखवून द्यावी, परंतु ती स्वतः काढून देऊ नये. पुढच्या रविवारी ते मूल पुन्हा मैत्रीबागेच्या कुंपणापाशी उभे राहील, तेव्हा वाघ चालू लागताच त्याची नजर प्रथम मागच्या पायाकडे जाईल. तसे घडले, तर अभिप्रायाचे काम झाले असे समजावे.