इंजिनाच्या तेलांत पाणी : तें ओळखावें कसें ?

वैशाखांत केळीबागेस पाण्याची एक पाळी चुकली, तर घडास किती फटका बसतो हें रावेर-यावलच्या बागाईतदारांस सांगावयास नको. मोट केव्हांच मागें पडली, बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. तथापि वीज नसतां किंवा तापी-गिरणेच्या काठीं उपसा करितांना डिझेल इंजिनाचा आधार अद्याप घ्यावा लागतो. ट्रॅक्टर तर गांवोगांवीं झाला आहे. पाण्यानें थंड होणाऱ्या या यंत्रांस ऐन हंगामांत बसविणारा एक दोष म्हणजे वंगणाच्या तेलांत पाणी शिरणें. कोकणांतील मासेमारी नौकांच्या इंजिनांसही हाच रोग जडतो. तेथें पाणी खारें असल्यानें नाश अधिक लवकर होतो.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर असतो, व सर्व भार तोच सोसतो. पाण्याच्या अंगीं ती शक्ति नाहीं. थर तुटला कीं धातूवर धातु घासतो. शिवाय जळलेल्या डिझेलांतील गंधकाशीं पाणी मिळून आम्ल तयार होतें व तें बेअरिंगें खातें. म्हणून असें इंजिन "आजची पाळी तेवढी होऊं द्या" म्हणून चालविणें अत्यंत घातक होय.

लक्षणें साधीं आहेत. गेजवरील तेल ताकासारखें पांढुरकें दिसतें. तेल न घालतां त्याची पातळी वाढते. रेडिएटरांतील पाणी बाहेर गळती नसतांना कमी होतें. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. पातळी वाढली, पण तेल पांढरें न होतां पातळ झालें व त्यास डिझेलचा वास येऊं लागला, तर तें पाणी नसून डिझेल आहे असें समजावें व डिझेलचा पंप तपासावा.

संशय आल्यास दोन परीक्षा घरींच कराव्या. इंजिन रात्रभर उभें ठेवून सकाळीं चेंबरचा खालचा नट हलकेच सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यानें, सुटें पाणी असेल तर तें प्रथम बाहेर येतें. दुसरी परीक्षा : लोखंडी पळी चांगली तापवून तीवर तेलाचे दोनच थेंब टाकावे व तोंड दूर ठेवावें. शुद्ध तेल निमूटपणें धुरावतें. हजारांत एक-दोन भाग पाणी असलें तरी तडतड ऐकूं येते.

पाणी सिद्ध झालें म्हणजे तें कोठून आलें हा खरा प्रश्न. झांकणाखालीं थोडा पांढरा फेस, पण गेजवरील तेल स्वच्छ, अशी स्थिति असेल तर बहुधा तें हवेंतील दमट वाफेचें पाणी होय. पावसाळ्यांत इंजिन थोडा वेळच चालविल्यानें असें होतें. पंपाचें गार पाणी सरळ इंजिनांतून सोडणाऱ्यांकडेही हाच दोष दिसतो, कारण इंजिन पुरें तापतच नाहीं. बाहेर पडणारें पाणी सुमारें 60 अंश, म्हणजे हात धरवणार नाहीं इतपत गरम राहील, अशा बेतानें कॉक फिरवावा.

पातळी वाढत असेल तर मात्र गळती आंत आहे. चेंबरमधील तेल काढून चेंबर उतरवावें, रेडिएटर भरून रात्रभर ठेवावा व सकाळीं खालून दिव्यानें पाहावें. लायनरच्या बाहेरील अंगानें थेंब येत असतील तर रबरी रिंगा गेल्या. आंतील भिंतीवरून ओघळ येत असेल तर हेड गॅस्केट जळलें किंवा हेडास अथवा लायनरास चीर गेली. कांहीं गळत्या दाबाखालींच प्रकट होतात. तेव्हां मिस्त्रीकडून रेडिएटरास हातपंपानें दाब देऊन पाहावें. गरम रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये.

आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा 45 अंशांवर जातो, आणि विहिरीच्या जड पाण्याचे क्षार इंजिनांत थर धरतात. त्यामुळें इंजिन फाजील तापून हेड वांकतें व गॅस्केट जळतें. यास्तव रेडिएटरांत क्षाररहित पाणी व कूलंट घालावें.

नदीकांठचें इंजिन पुरांत बुडालें असल्यास तें एकदम सुरू करूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें भरलेलें असतां हँडल मारल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो. प्रथम पाणी काढून, तेल बदलून, इंजिन हातानें सावकाश फिरवून पाहावें.

केवळ तेल बदलणें हा उपाय नव्हे. वाट बंद न करितां घातलेलें नवें तेल पुन्हा पांढरें होणारच. दुरुस्तीनंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलून अर्धा तास इंजिन चालवावें, तें तेल काढून टाकावें व मगच कायमचें तेल भरावें. रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं गेज पाहण्यास एक मिनिट पुरतें. गॅस्केट किंवा रिंगा बदलण्याचा खर्च क्रँक घासण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं, आणि वैशाखांतील चुकलेली पाळी तर कोणत्याही खर्चानें भरून येत नाहीं.